तेरा तारखेचं आभाळ

उमियम, मेघालय
२ डिसेंबर २०२५

अक्का,

दिवाळीत फोनवर मी आणि अप्पा एकमेकांवर भुंकलो. त्यावर तू म्हणालीस, "नंदीश, तुम्हा बापलेकांना फोन झेपत न्हाय. कागदावर लिहीत जा, कागदावर ओरडता येत न्हाय." येतं, अक्का. वाच पुढं.

अप्पा गावभर सांगत सुटलेत म्हणं, की पोरगा लांब मुलखात परात पुसायला गेलाय. सांगू दे. त्या परातीत आपलं घर गोठ्यासकट मावतं. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरतं ते खरडायचं, थंडीत दव पुसायचं, सांध्यांना ग्रीस भरायचं आणि खाली उतरलं की साहेबांना चहा द्यायचा. नववी नापासाला याहून वरची जागा कुणी देत न्हाय, कबूल. पण ती परात उपग्रहाशी बोलते. अप्पा कुणाशी बोलतात? पारावरच्या नागप्पाशी.

गंमत अशी, की फोन गेटावरच्या कपाटात ठेवून घेतात आणि माझी खोली दरीत. सगळ्या देशाला रेंज वाटणारं स्टेशन, आणि माझ्या उशाला एक दांडी न्हाय. रविवारी बाजारात गेलो की तेवढा फोन जिवंत होतो.

इथं सध्या सगळे नव्या उपग्रहाच्या नादात आहेत. जुने उपग्रह म्हणजे आपल्या पंगतीतला वाढपी. पानावर माणूस बसलाय का बघायचं न्हाय, प्रत्येक पानावर एक पळी आमटी ओतायची आणि चालायला लागायचं. वाळवंटाला एक पळी, शहराला एक पळी. नव्याचा झोत खाली बसून फिरवता येतो, रुंद करता येतो, बारीक करता येतो. आसामात पूर आला, झोत तिकडं. पूर ओसरला, काढून घेतला. कुठं वादळ, कुठं जत्रा, कुठं निवडणूक. जिकडं मागणी तिकडं आभाळ सरकतं.

आणि आपलं अणदूर? नागप्पा ज्या दगडावर बसतो त्याच दगडावर त्याचा बाप बसायचा. माणसं हलली न्हाईत, शेवटी दगडच कंटाळून झिजला. मी निघून आलो ते बरं केलं. अव्वाला नमस्कार. अप्पांना सांगायचं असलं तर सांग, नसलं तर नको.

नंदीश

*

अणदूर
११ डिसेंबर

नंद्या,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, कोंबडी शाईतून पळाल्यासारखं. आणि अक्कल त्याहून पुढं पळालेली. अप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पंगतीतल्या वाढप्याला नावं ठेवतो का? पाच पळ्या आमटी वरपून वर वाढलाय तो."

आता कामाचं ऐक. अप्पांना धाप लागते. गोठ्यापासून चुलीपर्यंत येईस्तोवर दोनदा भिंत धरतात आणि विचारलं की म्हणतात, गॅस. मी आरोग्यसेविका असून मला नाडी बघू देत नाहीत. सोलापूरला चला म्हटलं, तर म्हणाले, "सोलापूरला बरा माणूस जातो आणि आजारी होऊन येतो." छातीवर यंत्राची मूठ फिरवून हृदय आतून बघता येतं, ती सोनोग्राफी त्यांची व्हायलाच पाहिजे. मला त्यांचं लक्षण बरं दिसत नाही. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. तू घाबरलास तरी तिथून काय उपटणार आहेस?

यंदा यात्रेत आरोग्य खात्याचा एक तंबू माझ्याकडं आलाय, नळदुर्गला, देवळाच्या खालच्या अंगाला. त्यात ते यंत्र आहे. मी मूठ धरायची आणि धाराशिवला बसलेल्या हृदयाच्या डॉक्टरनं चालू चित्र बघत सांगायचं, थोडं डावीकडं, थोडं दाब. यात्रेत लाखांनी माणूस जमतो, मोबाईल मुके होतात, हे तुला ठाऊक आहे. गर्दी नसली तरी आपल्या गावच्या नेटवर ते चित्र दोन मिनिटं टिकत नाही. म्हणून तंबूला उपग्रहाची तबकडी दिलीय. कागदांवर तुझ्याच कंपनीचं नाव आहे. तंबू फक्त चाचणीला दिलाय. पंधरा जानेवारीला सगळं सामान परत जाणार, आणि काम नीट झालं तरच पुन्हा मिळणार.

अप्पांना मी देवाच्या आणेवर बांधलंय. पौष पौर्णिमेला देवाच्या दारात असताना ते नाही म्हणू शकत नाहीत. "देवाचं दर्शन झालं की तुझ्या खाटेवर पडतो, पण तिथंच. दवाखान्याची पायरी चढणार न्हाय." एवढं कबूल करून घ्यायला मला महिना लागला.

तर तुझ्या त्या थोर स्टेशनात बघ, आमचा अर्ज पोचलाय का. पौष पौर्णिमेची यात्रा म्हणून लिहिलंय त्यात. एवढं एक काम नीट कर. जन्मात एक.

शुभांगी

*

उमियम
२० डिसेंबर

अक्का,

जन्मात एक काम सांगितलंस, ते झालं. आता माफी मागायची तयारी ठेव.

तुमचा अर्ज आमच्याच शिफ्टच्या साहेबाकडं अडकून पडला होता. मी चहा घेऊन गेलो तर तो पडद्याकडं बघून कपाळ चोळत होता. "ये पौष क्या होता है?" मी म्हटलं महिना असतो. "कब?" कॅलेंडर उघडायला गेला, मग मलाच म्हणाला, तू तिथलाच ना, तूच सांग.

सगळ्या खोलीत मान वर करून फक्त मी उभा, अक्का. मी डोळे झाकून सांगितलं, तेरा जानेवारी. गेल्या साली यात्रेदिवशीच भोगी होती. अव्वाची बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी खाऊन मी नळदुर्गला गेलो, आणि आठवड्याभरात घर सोडलं. ती तारीख मी मरेस्तोवर विसरणार न्हाय. साहेबानं विचारलं, दरसाल तीच का? मी म्हटलं, "साहेब, आमच्या गावात काहीच हलत न्हाय."

सगळे हसले. माझ्या बोलण्यावर साहेब लोक हसले, असं पहिल्यांदा झालं.

तर बारा, तेरा, चौदा जानेवारीला नळदुर्गवर झोत राखून ठेवलाय. नुसता राखलेला न्हाय, पहिल्या मानाचा. त्या तीन दिवसांत दुसऱ्या कुणी कितीही बोंब मारली तरी आधी तुझा तंबू. बाकीचे दिवस जे उरेल ते. यंत्र आपोआप झोत हलवतं खरं, पण ज्यानं आधी नाव लावलंय त्याच्या ताटातलं काढत न्हाय. नव्या वर्षाला चार तारखेपर्यंत गोव्याच्या हॉटेलांनी लावून ठेवलंय, कारण तिथं नाचणाऱ्यांना नाच जगाला दाखवायचा असतो.

अप्पांना म्हणावं, तुमची छाती आता आभाळातून दिसणार आहे. ज्यानं ती सोय केली त्याला तुम्ही काय म्हणत होता, आठवा.

साध्या टपालानं धाडतोय. यात्रेच्या आधी आरामात मिळेल.

नंदीश

*

अणदूर
५ जानेवारी २०२६

नंदीश,

तुझं वीस तारखेचं पत्र आज हातात पडलं. मी एकतीसपासून नळदुर्गला तंबूत होते. अव्वानं ते न उघडता देव्हाऱ्यात ठेवलं होतं. तिला वाटलं, लेकराचा शब्द आहे, जपावा. जपण्यासारखाच शब्द निघाला.

यात्रा झाली. परवा, तीन तारखेला. शनिवारी. पौष पौर्णिमा तीन तारखेला होती, गाढवा. पौर्णिमा चंद्रावर असते. अव्वाच्या भाकरीवर नसते.

काय झालं ते ऐक. दुपारी अप्पा दर्शन घेऊन आले. धुतलेलं धोतर, कपाळभर भंडारा, नवऱ्या मुलासारखे खाटेवर पडले. त्यांच्यामागं माणसांची रांग, पार बेंबळी गावाहून सुद्धा आलेली. मी मूठ छातीवर ठेवली. पडद्यावर डॉक्टर आला, "नमस्कार" म्हणायला तोंड उघडलं, आणि तसाच थिजला. आ वासलेला. इकडचं चित्र तिकडं जाईना, तिकडचा शब्द इकडं येईना. आम्ही वाट बघितली. बाहेर यळकोट यळकोट चाललेलं, आत तो आ. अप्पा पडल्यापडल्या त्याच्याकडं बघत होते. मग म्हणाले, "शुभे, हा डॉक्टर माझ्याआधीच गेला का काय?"

रांग हसली. अप्पा उठले, बाराबंदीच्या गाठी बांधल्या. म्हणाले, "देवानं दाखवलं. गॅस आहे." आणि गेले. दारातच भिंत समजून तंबूचं कापड धरायला गेले, आणि पडता पडता माझ्या मदतनीस उमाबाईंनी सावरलं. त्यांच्यामागं रांग उठली. आमच्या आरोग्य खात्याचे साहेब सगळ्यांदेखत मला म्हणाले, "मॅडम, यापेक्षा भंडारा लावून पाठवलं असतं तरी चाललं असतं."

मला वाटलं, तबकडी वाईट. मी ती तीनदा पुसली. आज तुझं पत्र वाचलं आणि कळलं, तबकडीला काही झालेलं नव्हतं. आमच्या वाट्याचं आभाळ गोव्यात नाचत होतं.

"आमच्या गावात काहीच हलत न्हाय." अरे, आपला देवसुद्धा एका गावात बसत नाही. सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गात. पिढ्यान्‌पिढ्या दोन गावं बोलून, भांडून, मानपान सांभाळून त्याला नेतात आणि आणतात. तू त्या पालखीपुढं नाचलायस. एक वर्ष बाहेर राहिलास आणि साहेबांना हसवायला गाव विकलंस.

शिव्या संपल्या. आता नीट वाच, दोनदा वाच.

बारा, तेरा, चौदाला झोत नळदुर्गवर येणार असं तू लिहिलंयस. तो तसाच येऊ दे. तंबू पंधरापर्यंत माझ्याकडं आहे. यात्रा गेली तर गेली. मी माणसं तेराला बोलावते. कुणाला काही सांगू नकोस. चूक कबूल करायचा उमाळा आला तर गिळ. तू साहेबाला खरं सांगितलंस तर तो झोत काढून घेईल, आणि अप्पा पुन्हा त्या खाटेवर कधी पडणार नाहीत. आयुष्यभर नको तिथं बोललास. आता आठ दिवस नको तिथं गप्प राहा.

अप्पांना कसं आणणार विचारशील. त्यांना सांगितलं, नंदीशनं तेराला तुमच्यासाठी आभाळ राखून ठेवलंय म्हणे. ते ताडकन म्हणाले, "त्या भामट्यानं? मग यायलाच पाहिजे. किती खोटं बोलतो ते सगळ्यांदेखत दाखवतो." लेकाच्या प्रेमानं आले नसते. लेकाला खोटं पाडायला येतायत. मला चालतं.

स्पीड पोस्टनं धाडतेय. तुझ्यासारखं "आरामात" नाही.

शुभांगी

*

उमियम
१२ जानेवारी

अक्का,

तुझं पत्र आज मिळालं. वाचून कपाळावर हात मारला, कारण मी आधीच बोलून बसलो होतो.

चार तारखेला रविवार. बाजारात फोन लागला आणि बघतो तर सगळ्यांच्या स्टेटसला यात्रा. भंडाऱ्यानं पिवळं झालेलं नळदुर्ग. तुला फोन लावला, बंद. घरी लावायची हिंमत झाली न्हाय. अप्पांनी उचलला असता तर काय बोलणार होतो, भाकरी आठवली म्हणून?

सोमवारी सकाळी साहेबापुढं उभा राहिलो. म्हटलं, साहेब, तारीख मी चुकीची सांगितली. यात्रा झाली. माझ्यामुळं तंबू बंद पडला. तेराचा झोत फुकट जाणार, काढून टाका, आणि माझं काय करायचं ते करा. अक्का, जन्मात पहिल्यांदा मी असा सरळ बोललो असेन.

साहेबानं माझ्याकडं बघितलं. आधी त्याला मी कोण ते आठवेना. मग हसला. शेजारच्याला बोलावलं, "सुनो, ये कह रहा है डेट इसने दी." तोही हसला. मग मला समजावून सांगितलं, लहान पोराला सांगतात तसं, की तारीख चहावाल्याला विचारून ठरत न्हाय. सिस्टीम मागणीचा अंदाज काढते, त्यातून तारीख येते. हे बघ, पडद्यावर लिहिलंय, अंदाज, तेरा जानेवारी. मी म्हटलं, साहेब, ते तुम्हीच टाइप केलंत, मी ट्रे घेऊन उभा होतो. तर म्हणाला, "तू जा. वर दव पडलंय."

आठवडाभर मी त्या अपमानात जळत होतो. चूकसुद्धा माझी धरत न्हाईत. माझ्या नावावर एक चूक लिहायची म्हटलं तर तेवढी माझी लायकी न्हाय. आणि आज तुझं पत्र आलं. वाचून झाल्यावर मी वेड्यासारखा हसलो. झोत जागेवर आहे, अक्का. मला माणसात धरलं न्हाय म्हणून राहिला. मला दीडदमडीची किंमत दिली असती तर तू आणि अप्पा उद्या रिकाम्या आभाळाखाली पडला असता.

उद्या उजाडायच्या आत वर चढणार आहे. दवानं चित्र मरत न्हाय, मला माहीत आहे. तरी पुसणार आहे.

नंदीश

*

सोलापूर
१६ जानेवारी

नंदीश,

दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहितेय. आधी तेच सांगते, अप्पा बरे आहेत. म्हणजे आत पडलेत आणि नर्सला शिकवतायत.

तेराला सकाळी मैदान भकास. यात्रेची खरकटी पानं, कुत्री आणि माझा तंबू. आमचे साहेब आले नाहीत. म्हणाले, यात्रा झाल्यावर तंबू उघडणारी तुम्ही पहिलीच. पण माणसं आली. अणदुरातून दोन टमटम, नळदुर्गची म्हातारी मंडळी, चालता न येणारी शरणम्मा सुनेच्या खांद्यावर. शिवाय गावातली पोरं. त्यांना कुठून कळलं देव जाणे, की तंबूच्या वायफायवर नेट वाऱ्यासारखं पळतंय. पन्नासेक पोरं मोबाईल घेऊन तंबूच्या दोऱ्यांना टेकून बसली. मी हाकलली नाहीत. म्हटलं, तुमच्या बापाला घेऊन आलात तरच बसायचं. तासाभरात बाप यायला लागले.

अप्पा सगळ्यात शेवटी आले. नागप्पाला साक्षीदार म्हणून घेऊन. खाटेवर पडले आणि पडद्याकडं बोट करून म्हणाले, "बघ आता, तोंड उघडंल आणि मरंल."

डॉक्टरनं तोंड उघडलं आणि म्हणाला, "नमस्कार महालिंगप्पा, श्वास रोखा." अप्पांनी श्वास रोखला. मला वाटतं, जरा आश्चर्यानंच रोखला. मूठ फिरवली, चित्र पाण्यासारखं वाहत होतं. डॉक्टरनं मला मूठ दोनदा डावीकडं सरकवायला लावली. मग म्हणाला, एक झडप नीट मिटत नाही, रक्त उलटं येतंय, आजच्या आज सोलापूरला. महिनाभर उशीर झाला असता तर, एवढं बोलून तो थांबला.

अप्पा उठून बसले. नागप्पाकडं बघितलं. दवाखान्याची पायरी चढणार नाही म्हणायला तोंड उघडलं असावं, पण नागप्पाच म्हणाला, "महालिंगप्पा, पोरगं खरं बोललं की रं." त्यावर अप्पा काय म्हणाले ठाऊक आहे? "चुकून बोललं असंल." आणि गाडीत जाऊन बसले.

तेराला तंबूत सत्तावीस जण तपासले, त्यातल्या चौघांना अप्पांसारखंच पुढं धाडलं. झडपेचं ऑपरेशन मंगळवारी. तंबूचं काय होणार ते अजून कळलं नाही.

आणि तुला सांगते, तुमचं ते मागणीमागं सरकणारं आभाळ एक बोट सरकलं नाही. तू जिथं खुंटी ठोकलीस तिथंच टांगलेलं होतं. सरकलो आम्ही. शरणम्मासकट.

अक्का

*

उमियम
२८ जानेवारी

अक्का,

रविवारी अप्पांशी फोनवर बोललो. ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी माणूस एवढं ओरडतो हे मला माहीत नव्हतं. बरं वाटलं.

इथलं ऐक. काल सगळ्यांना खाली हॉलमध्ये बोलावलं. भिंतीवर मोठा पडदा. साहेबानं एक तक्ता लावला. म्हणाला, आपल्या सिस्टीमचं सगळ्यात सुंदर काम बघा. नळदुर्ग, तेरा जानेवारी. एका ओसाड मैदानावर अचानक प्रचंड मागणी उसळणार, हे सिस्टीमनं तीन आठवडे आधी ओळखलं, झोत आधीच तिथं नेऊन ठेवला आणि मागणी बरोब्बर त्याच दिवशी आली. मागणी कशी ओळखावी याचा हा धडा. टाळ्या वाजल्या. मी ट्रे घेऊन मागं उभा होतो, मीही वाजवल्या, दोन कप सांडले.

तीन तारखेचा तक्ताही होता. त्या दिवशी नळदुर्गची रेघ जमिनीला टेकलेली. साहेब म्हणाला, बघा, त्या दिवशी तिथं काहीच मागणी नव्हती. अक्का, लाखो माणसं गळा काढून उभी होती, पण ज्याचं पोचलंच न्हाय, ते यांच्या लेखी मागितलंच न्हाय.

तर आता सिस्टीम शिकली आहे. पुढल्या साली तेरा जानेवारीला नळदुर्गवर पहिल्या मानाचा झोत, आपोआप, कुणी न विचारता. तुझ्या तंबूलाही मंजुरी आहे, त्याच तारखेची. कागद निघालाय, महिनाभरात तुझ्या साहेबाकडं पोचेल.

या वेळी मी कॅलेंडर बघितलं. पुढल्या साली पौष पौर्णिमा बावीस जानेवारीला आहे.

साहेबाला सांगायला मी गेलो न्हाय. मी कोण सांगणारा? तू माणसांना आत्तापासून सांगून ठेव: यात्रा देवाची बावीसला, छातीची तेराला. त्या दिवशी बुधवार आहे. मी रजा टाकून येतोय.

नंदीश